रंगाचा दाखला

“पोरी, हाई हयद शे का रगत?”

दगूबाईने अल्बम काउंटरवर फिरवून रुपाच्या पुढ्यात धरला आणि हळदीच्या पानावर बोट टेकवलं. पानभर तिची नात पाटावर बसलेली, भोवती सवाशिणींचा घोळका, सगळ्यांचे हात नातीच्या गालांकडे निघालेले. रुपाने वाकून पाहिलं. तिला हळद दिसली. जरा मळकी, ओल्या मातीवर सांडल्यासारखी, पण हळदच. ‘हळदच आहे की आजी,’ असं ती म्हणणार होती, तेवढ्यात तिची नजर नमनकडे गेली. नमन म्हणजे स्टुडिओचा मालक, जुने मालक जेठमलशेठ यांचा नातू, वयाने तिच्याहून लहान, गिऱ्हाईक चिडलं की आधी हसून घेणारा. तो हसला नाही. पानाकडे पाहत हळूच म्हणाला, “रुपाताई, लाल आहे हो. फारच लाल आहे.”

“मांडोमां मारामारी व्हयनी असं दिखस,” दगूबाई म्हणाली. “समद्या बाया भेटीसन मन्ही पोरले झोडी ऱ्हायन्यात. सासरना याही देखतीन तं काय म्हनतीन?” मागच्या बाकावर पासपोर्ट फोटोसाठी बसलेलं कोणीतरी फिसकन हसलं. नमनने म्हातारीला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. “मशीनची गडबड आहे आजी. सुरतेच्या लॅबवाल्यांनी प्रोफाइल बदललं असेल. दुसरा अल्बम करून देतो.” म्हातारी पाणी प्यायली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, “मशीननी हयद लाई का रे भो? मी लाई, मन्हा हाते. माले म्हाईत शे ती कशी व्हती.” पायरी उतरता उतरता ती थबकली, रुपाकडे वळली. आता आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “तुन्ही तब्बेत बरी शे ना, माय?”

रुपा आतल्या खोलीत येऊन पडद्यासमोर बसली. हात आपोआप माऊसवर गेला, हळदीची फाइल उघडली, आणि दर वेळी येते तशी ती छोटी चौकट वर आली: या चित्राचं प्रोफाइल तुमच्याकडच्या प्रोफाइलशी जुळत नाही, काय करू? काम शिकत होती तेव्हापासून रुपाने मनाशी एक सोय करून घेतली होती, प्रोफाइल म्हणजे दाखला. फोटो कॅमेऱ्याच्या पोटातून निघतो तेव्हा नुसते आकडे घेऊन निघतो. आणि आकड्यांना काय, त्यांना कुठलाही रंग समजावा. हा लाल म्हणजे कुठला लाल, कुणाच्या घरचा लाल, हे सांगणारी चिठ्ठी त्याच्या कमरेला बांधलेली असते. चिठ्ठी हरवली की फोटो पोरका, जो उघडेल त्याच्या मनाने दिसणार. चिठ्ठी नुसती बदलली की आकडे तेच राहतात आणि चेहरा बदलतो. आणि दाखल्यासकट नीट पाठवणी केली तर उलटं होतं: चेहरा तसाच दिसावा म्हणून आतले आकडे बदलतात. लग्नात पोरीचं तेच होतं, असं तिला तेव्हाच वाटलं होतं. वरून तीच दिसायला हवी, आतलं सगळं नव्या घराच्या मापाने. जे रंग नव्या घरात मावत नाहीत ते सॉफ्टवेअर गुपचूप छाटून टाकतं, विचारतसुद्धा नाही. तिच्या हळदीला माहेरी, म्हसावदच्या अंगणात आई जात्याशी बसून म्हणाली होती, ‘हयद लागनी, लेक परकी व्हयनी, माय पदरमां रंग झाकी ऱ्हायनी.’ बायका हसल्या होत्या, की रंग कसला झाकते, अख्खं अंगण पिवळं झालंय. रुपाला ते पिवळं अजून आठवत होतं. पण आठवत होतं ते रंगासारखं नाही, शब्दासारखं. ‘पिवळं’ असा शब्द मनात यायचा आणि त्याच्या मागे काही उजळायचं नाही.

नमनने मात्र मशीनचीच गडबड धरून ठेवली. रंगांचं हे गाडं सगळं रुपाताईंच्या डोळ्यावर चालतं असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ते खरंही होतं. तळोदा, धडगाव, विसरवाडी, कुठकुठचे फोटोग्राफर आपापल्या कॅमेऱ्यातलं भरमसाट आणून ओतायचे. कुणाच्या मांडवाचं कापड निळं, म्हणून सगळं वऱ्हाड निळं. कुणी दिव्याखाली काढलेलं, म्हणून नवरी कावीळ झाल्यासारखी. रुपा प्रत्येकाला त्याच्या कातडीत परत बसवायची. डोंगरातल्या पोरींचे फोटो आले की लोक सांगून जायचे, जरा गोरी करा, आणि ती करायची नाही, नुसता उजेड उचलायची, आणि पोरी फोटो पाहून स्वतःला ओळखायच्या. हाच तिचा मान होता. सासरी तिला कोणी काही म्हणो, या खोलीत ती म्हणेल तो रंग. नमनने सुरतेच्या मित्राकडून स्क्रीन तपासायचं यंत्र मागवलं. उंदराएवढं काळं यंत्र तारेने पडद्यावर लोंबत राहिलं आणि त्याच्या खाली पडदा एकेक रंग दाखवत गेला, शाळेत पोरगी पाढे म्हणून दाखवते तसा. शेवटी यंत्राने सांगितलं, पडदा ठीक आहे. लॅबवाल्यांनी फोनवर सांगितलं, आमच्याकडे काही बदललेलं नाही, बाकी सगळ्यांचे अल्बम बरोबर जातायत. नमन यंत्राची तार गुंडाळत राहिला, गुंडाळून झाली तरी. “ताई, एक म्हणू? प्रिंटला पाठवायच्या आधी मी फक्त एक नजर टाकत जाऊ का? फक्त नजर.” “टाका ना,” रुपा म्हणाली. “दुकान तुमचं आहे.” “तसं नाही हो, राग मानू नका.” “राग कसला? तुमचे डोळे काय मी विकत घेतलेत का?” दोघंही हसले आणि दोघांनाही ते हसू पुरलं नाही.

तो बाहेर गेल्यावर तिने सॉफ्टवेअरमधली रंग मोजायची नळी पडद्यावरच्या नवरीच्या गालावर टेकवली. आकड्यांच्या खिडकीत लालचा आकडा वरच्या टोकाला जाऊन भिडला होता, पुढे जागाच नव्हती. म्हणजे हा गाल पेटलेला होता. तिला तो उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता. मग तिने कोरं पान घेतलं आणि त्यावर दोन चौकोन भरले, एक चोख कुंकवाचा आणि एक चिंचेच्या जुन्या गोळ्याचा. आकडे बघून भरले म्हणून तिला ठाऊक होतं कुठला कुठला. दोन्ही चौकोन एकाच आईच्या लेकींसारखे बसले होते. तिने डोळे मिटले, उघडले. एकदा डावा झाकला, एकदा उजवा. खिडकीबाहेर बाजाराचा गलबला चालू होता, कुणीतरी टोमॅटो ओरडून विकत होतं, आणि तिच्या लक्षात आलं की गेले कित्येक दिवस भाजीवालीच्या टोपलीतला पिकलेला टोमॅटो ती दाबून ओळखते आहे. म्हणजे हाताला कळलं होतं. डोळ्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. रंग जातो तो दिवा विझल्यासारखा जात नाही. घरातली म्हातारी एकेक घास कमी करत जाते तसा जातो, आणि ताटावरून उठेपर्यंत कोणाला कळत नाही. मग तिने केलेलं सगळं तिला उलगडलं: तिला लाल कमी दिसत होता, म्हणून प्रत्येक फोटोत ती तो वाढवत गेली होती, मीठ न लागणाऱ्या जिभेची बाई भाजीत मीठ घालत जाते तशी.

टेबलाच्या खणात, जुन्या शाईच्या डबीत, तिच्या गोळ्या होत्या. त्या घरी ठेवायची सोय नव्हती. पावसाळ्यात माहेरी गेली असताना खोकला निघाला, म्हसावदच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, आणि टीबी निघाला. नवरा, योगेंद्र, तिथेच होता. त्याने पहिलं काय केलं तर पत्ता माहेरचा लिहून दिला, फोन नंबर तेवढा आपला दिला. कारण शहाद्याला घरी त्याची बहीण काजल लग्नाची होती, आणि दवाखान्याची बाई दर आठवड्याला विचारपूस करायला दारात आली असती तर गल्लीने दोन दिवसांत पाव्हण्यांच्या गावापर्यंत बातमी पोचवली असती. त्याच्या चुलत बहिणीचं जमलेलं लग्न नुसत्या ‘घरमां खोकला शे’ एवढ्यावर मोडलं होतं. रुपाला ते पटलं होतं. त्यात कोणाला वाईट म्हणण्यासारखं काय होतं? योगेंद्र तिला कधी टाकून बोलला नव्हता, तिचा पेला वेगळा केला तोसुद्धा कोणाला न कळता केला. गोळ्या आई दवाखान्यातून आणायची आणि उडदाच्या पापडांच्या पिशवीत तळाशी घालून धाडायची. पिशवीसोबत निरोप यायचा, “नर्सबाई म्हनस, डोया सांभाळजो.” दिवसभर कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईला कोण नाही सांगत डोळा सांभाळ? रुपाने तो निरोप कढीपत्त्यासारखा बाजूला ठेवला होता. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा लघवी केशरी व्हायची, पळसाची फुलं उकळल्यासारखी, आणि ती घाबरून मोरीत पाणी ओतत राहायची. अलीकडे तो रंग मळका, फिका वाटायचा. तिला वाटलं होतं, आजार उतरत चालला. त्या फिकेपणाचा तिने मनातल्या मनात आनंद केला होता, कोणाला न सांगता.

दुपारी डबा खाताना तिने पाकिटावरचं गोळीचं नाव मोबाइलवर घालून पाहिलं. वाचता वाचता पोळी हातात राहिली. एकाच गोळीत तीन औषधं, आणि त्यातलं एक कोणाकोणाच्या डोळ्यांच्या शिरेला लागतं. आधी लाल-हिरव्यातला फरक जातो, मग बाकीचं. लवकर थांबवलं तर परत येतं. लवकर म्हणजे किती, ते तिथे लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेंद्र परसात मोटरसायकल धूत होता. सासूबाई चुलीशी, म्हणून रुपा पाण्याची बादली घेऊन त्याच्याजवळ गेली आणि बादली भरायच्या आवाजाआड बोलली. “गोयी डोयाले लागी ऱ्हायनी. माले लाल दिखत नही.”

“कोन म्हनस?”

“फोनवर वाचं मी.”

“फोनले सर्दी सांगी तं तो कॅन्सर सांगस,” तो म्हणाला आणि हसला. मग तिच्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं. फडकं पिळून त्याने चाकाच्या आऱ्यांवर वाळत घातलं. “शुक्कीरवारले पाव्हना येतस. सुपारी फुटू दे. लगीन व्हवू दे. मंग मी सोता तुले नाशिकले लई जासू, मोठा डॉक्टरकडे.”

“तवलोंग?”

“तवलोंग आकडा देखीसन काम कर. तूच म्हनस ना, आकडा खोटं बोलत नही.” त्याच्या कपाळावर घाम आला होता. “रुपा, तिन्हा तोंडकडे देख. एकच बहीन शे.”

काजल त्याच वेळी केस पुसत बाहेर आली. तिच्या तोंडाकडे बघायला रुपाला कोणी सांगायची गरज नव्हती. तो चेहरा तिने कणाकणाने पाहिला होता. स्थळांना पाठवायचा फोटो काजलने दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नव्हता. “वहिनी, तुम्हीच करा. दुसरे मला बाहुली करतात.” रुपाने केला होता, गेल्या महिन्यात. फोटो बघून काजल म्हणाली होती, “अगंबाई, मी तर लाजल्यासारखी दिसते!” आणि तोच फोटो बघून पाव्हण्यांनी कळवलं होतं, मुलगी लाजाळू वाटते, घरंदाज वाटते, आम्हाला पसंत आहे. म्हणजे हे लग्नही तिच्या डोळ्यांतून सांडलेल्या लालाने जमलं होतं. रुपा बादली उचलून आत गेली. आकडे बघून काम करता येतं, हे खरं होतं. आकडे बघून कुंकू लावता येतं का? भात करपला की नुसता पिवळसर झाला, आपल्याला पुढे पोर झालं तर त्याला ताप आला की ते खेळून आलं, हे कुठल्या खिडकीत आकड्याने लिहून येणार होतं? आणि ‘मग बाकीचं’ म्हणजे काय काय? त्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्टीकडे दोनदा पाहू लागली. सासूच्या हातच्या बांगड्या, आकाश, योगेंद्रची मान. हे राहील, हे राहील का. गोळी न घ्यावी तर छातीतलं परत पेटेल. घ्यावी तर डोळे. पाण्याचा घोट तोंडात धरून ती आतल्या खोलीत उभी राहायची, आणि नमन बाहेरून विचारायचा, “ताई, चहा सांगू?” आणि मग ती गोळी घोटासकट गिळायची.

शुक्रवारी सासूने बजावून सांगितलं होतं, दुपारपर्यंत घरी ये, पोहे तुझ्याच हातचे करायचे. रुपा स्टुडिओतून लवकर निघाली. तिठ्यावर आली तेव्हा घराकडे वळायचं ठरलेलं होतं. धडगावची जीप उभी होती, ड्रायव्हर ‘म्हसावद, धडगाव’ ओरडत दारावर थाप मारत होता, आणि तिचे पाय त्या थापेकडे गेले. आपण काय करतो आहोत ते तिला कळत होतं. पाय दुसऱ्याचे आहेत असं वगैरे वाटलं नाही. “वहिनी, सरका जराश्या,” ड्रायव्हर म्हणाला, “अजून चार जणं बसतील. जीप शे, सासर नही, इथं समद्यास्ले जागा शे.” बायका खदखदून हसल्या. जीप निघाली. दोन्ही बाजूंना केळी आणि ऊस होता, दूर सातपुड्याची रांग, आणि सगळं एकाच खाकी कापडातून बेतल्यासारखं. शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर मिरच्यांची पिशवी होती. हिरव्या की वाळलेल्या लाल, ते रुपाला कळेना. विचारलंही असतं. पण म्हातारी झोपली होती.

म्हसावदच्या दवाखान्यात नर्स दिवलीबाई होती. धडगावच्या वरच्या पाड्यातली, सगळ्यांना एकेरी बोलणारी, साहेबांनासुद्धा. तिने रुपाला पहिल्याच दिवशी एकदा पाहिलेलं. “तू रुपा ना? तुझी आई येते दर वेळी, सांगते पोरगी कामाला गेली. कामाला जाते आणि मरायलाही वेळ नाही का तुला?” रुपाने सगळं सांगितलं. दिवलीबाईने हातातलं काम खाली ठेवलं. तिने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे इंजेक्शनच्या सुया, कापूस, बाटल्या टाकायचे झाकणांचे डबे रांगेने ठेवलेले. “त्यातला लाल कोणता?”

“एक पिवळा आहे, एक निळा. मग उरला तो लाल असणार.”

“असणार नको. दिसतो ते सांग.”

“नाही दिसत,” रुपा म्हणाली. ते शब्द पहिल्यांदाच तिच्या तोंडून पूर्ण बाहेर आले, आणि बाहेर आल्यावर खोलीत त्यांना जागा मिळाली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

“निरोप दिला होता मी आईजवळ. रंग बदलला, अंधुक दिसलं तर धावत ये म्हणून.”

“आई म्हणाली, डोळा सांभाळ.”

“डोळा सांभाळ!” दिवलीबाईने कपाळाला हात लावला. “बरं. ही गोळी आजपासून घ्यायची नाही. डॉक्टर तासाभरात येतील, त्यातली वेगळी वेगळी औषधं लिहून देतील, हे डोळ्याचं सोडून. मध्ये खंड पडू द्यायचा नाही. आणि उद्याच नंदुरबारला डोळे दाखव.”

“परत येतो रंग?”

“येतो. कुणाचा सगळा येतो, कुणाचा अर्धा. तू उशीर केलाय, मी खोटं सांगत नाही.” मग तिने फोन उचलला. “नवऱ्याला बोलावते. तिथे डोळ्यांत औषध टाकतात, एकटीला बस दिसणार नाही.”

नंबर लागला. दिवलीबाईला पट्ट्या कापायच्या होत्या म्हणून तिने फोन मेजावर आवाज मोठा करून ठेवला. आधी कपबशांचा आवाज आला. मग कोणीतरी पुरुष मोठ्याने म्हणाला, पोहे भारी झालेत हो, आणि काजलचं हसू, आवरून धरलेलं. म्हणजे पोहे सासूने केले. योगेंद्र म्हणाला, “हॅलो, बोला.”

“म्हसावदच्या दवाखान्यातून बोलते. रुपाचे मिस्टर ना?”

फोनमध्ये कपबशा वाजत राहिल्या. “राँग नंबर,” तो म्हणाला.

“अरे, रुपा, तुझी बायको, इथं माझ्यासमोर...”

“अशी कोनी नही आठे. राँग नंबर शे.” आणि आवाज गेला.

दिवलीबाईने फोनकडे पाहिलं, मग रुपाकडे. हातातली पट्टी तशीच मेजावर ठेवली. रुपाला राग शोधावा लागला आणि सापडला नाही. तिला योगेंद्र दिसत होता: पाव्हण्यांकडे वळून हसलेला, ‘कंपनीवाले, दिवसभर फोन करतस,’ असं काहीतरी म्हणालेला, आणि नंतर पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन, फळीवरच्या तिच्या वेगळ्या पेल्यासमोर क्षणभर उभा राहिलेला. तो पेल्याला काय म्हणाला असेल? तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. एका हाताने काजलचं हसू धरून ठेवायचं होतं त्याला, आणि दुसरा हात मोकळा नव्हता. पण डोळे तिचे होते. तेवढंच उरत होतं हिशेबाच्या पलीकडे: डोळे तिचे होते, आणि ते कोणाच्या लग्नापर्यंत थांबणार नव्हते.

“तुझा पत्ता माझ्याकडे इथलाच आहे, आईचा,” दिवलीबाई म्हणाली. ती आता जपून बोलत होती. “पण आता हे असं झालंय, तर मला दर आठवड्याला तुला बघावं लागेल. शहाद्याची आमची बाई घरी येईल. सोमवारपासूनच. आणि ती काही गुपचूप जाणारी नाही बरं का, तिला गल्लीच्या तोंडापासून हाका मारत जायची खोड आहे. तुला नको असेल तर राहू दे इथलाच, तू ये-जा करत जा. जमेल तसं.”

जमेल तसं. रुपाला जमेल तसंचे सगळे महिने समोर दिसले, एकामागे एक, प्रत्येक आधीच्याहून थोडा राखाडी. आणि त्यांच्या कडेला काजल, मुंडावळ्या बांधलेली, काही न कळणारी. काजल, माफ कर, असं तिने मनात म्हणून पाहिलं. ते खोटं वाटलं, म्हणून परत म्हटलं नाही.

“लिहा,” ती म्हणाली. “शहादा. जुन्या तेलघाणीच्या मागची गल्ली. शेवटून दुसरं घर.”

“खूण काय? दार कोणत्या रंगाचं?”

योगेंद्रने परवाच दाराला रंग दिला होता, सुपारीचं घर म्हणून. सगळ्यांनी छान म्हटलं होतं, तिनेही म्हटलं होतं.

“खूण नको,” रुपा म्हणाली. “त्यांना म्हणावं, गल्लीच्या तोंडापासून माझं नाव घेऊन हाक मारत या. मी ओ देईन.”